विहिरीवर भरदुपारी आलेली बाई

रविवारची उपासना सुटते, पाळकसाहेब दाराशी उभे राहून सर्वांशी हात मिळवतात, आणि मग आवारातल्या झाडाखाली आपली खरी गाठभेट होते. कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी, कुणाच्या लग्नाची तारीख. त्यात वाईट काही नाही. पण गेले काही महिने आमच्या बेळगावच्या मंडळीत गप्पांचा विषय एकाच घराचा आहे. मुलगी घर सोडून गेली. आई भगिनी मंडळात प्रार्थना चालवायची. "स्वतःचं घर सांभाळता आलं नाही, अन् आम्हाला वचनं सांगत होती!" हे मी तिघा-चौघांच्या तोंडून ऐकलं आहे. त्या बाई आता उपासनेला येत नाहीत. प्रभुभोजनाच्या रविवारीही आल्या नाहीत. येऊ नका असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तसं सांगावं लागतच नाही.

कुसळ आणि मुसळाचा दाखला आपल्याला पाठ आहे, आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या बोलण्यातही तो सहज येतो. इतका सहज, की आता तो कुणाला टोचत नाही. म्हणून मी दुसरी एक गोष्ट आठवून देतो.

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. वाँटेजच्या भगिनींकडे त्या राहत होत्या. त्या भगिनींचं लंडनमधल्या फुलम इथं एक काम चाले. ज्यांना समाज 'वाया गेलेल्या' म्हणतो, अशा स्त्रियांना तिथं आसरा मिळे. रमाबाईंनी ते काम पाहिलं. एवढं शास्त्र शिकलेली ती बाई, पण अशा स्त्रियांना कुणी जवळ घेऊन प्रेमानं वागवतं, हे तिला नवीन होतं. ख्रिस्ती लोकांना यांच्याबद्दल एवढी कळकळ का, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत हे स्वतः लिहिलं आहे. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन उभं केलं.

वादविवादात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. त्यांचं मन हललं ते टाकलेल्या बाईला कसं वागवतात, हे पाहून. आपले शेजारीही आपल्याकडे बघतच असतात. चर्चच्या आवारात आपण काय बोलतो ते भिंतीपलीकडे ऐकू जातं.

गंमत म्हणा किंवा दुःख म्हणा, दोषी ठरवण्याची ही खोड त्या भल्या लोकांनाही सुटली नव्हती. रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहार सोडला नाही, अंडं घातलेला पदार्थ नाकारला, तर 'हिचा जातीचा अभिमान गेलेला नाही' असा अर्थ वाँटेजमध्ये काढला गेला. पतित स्त्रियांना पोटाशी धरणाऱ्यांना एका विदुषीचं ताट खुपलं! माणसाचं पाप आपण माफ करू, पण त्याचं आपल्यापेक्षा वेगळं असणं आपल्याला सोसत नाही, असं मला पुष्कळदा वाटतं.

इथं एक खुलासा करायला हवा, कारण हे वचन उलटंही वापरलं जातं. नवरा बायकोला मारतो, किंवा कुणी मंडळीच्या पैशाचा हिशेब देत नाही, आणि विचारणाऱ्याला ऐकवलं जातं, "भाऊ, दोष काढू नये, शास्त्र सांगतं." हे बरोबर नाही. मार खाणाऱ्या बाईच्या बाजूनं उभं राहणं म्हणजे कुणाला दोषी ठरवणं नव्हे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीलासुद्धा प्रभूनं यापुढे पाप करू नकोस असं बजावलंच. मात्र आधी तिच्याभोवतीचे दगड खाली पडले होते. आणि लक्षात घ्या, मोशेच्या नियमशास्त्रात शिक्षा दोघांनाही होती, पण ओढून आणलं ते एकट्या बाईला. आपल्याकडेही निघून गेलेल्या मुलीची चर्चा झाली, आईची झाली. बापाबद्दल कुणी चकार शब्द काढलेला मला आठवत नाही.

त्या बाईंच्या घरी कुणी जायचं, हा प्रश्न अजून पडूनच आहे. वचन घेऊन नव्हे, समजूत घालायला तर मुळीच नको. नुसतं चहाला जावं. आणि भगिनी मंडळाची पुढची प्रार्थना तुम्हीच चालवा, असं जाता जाता सांगून यावं. यावर काहीजणी नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे.

शोमरोनी स्त्री पाच नवरे झालेली, आणि सहावा तोही तिचा नव्हे. सुखार गावात हे कुणाला माहीत नव्हतं? भरदुपारी ती एकटीच विहिरीवर आली होती. तीच घागर तिथंच टाकून गावात धावली, आणि तिचं सगळं ठाऊक असलेलं ते गाव तिच्या शब्दावर उठून विहिरीकडे आलं. त्यांनी येशूला दोन दिवस ठेवूनही घेतलं.