प्रवाही थरातील उष्णता आणि जाड तुकडे

मुरुड-लातूर भागातील फुटाण्यांची भट्टी आपण सर्वांनी पाहिली आहे. कढईत वाळू तापलेली असते, भडभुंजा तीत हरभरे टाकतो आणि झारा क्षणभरही थांबवीत नाही. तो थांबला, तर दाण्याला लगटलेली वाळू आपली उष्णता देऊन निवते आणि तिच्यामागची तप्त वाळू दूरच राहते. स्थिर वाळू उष्णतेची मंदवाहक आहे. वालुकायंत्रात आपण याच मंदपणाचा लाभ घेतो. रससिंदूर सिद्ध करताना मृदू, मध्य, तीव्र असा अग्नी क्रमाने वाढविता येतो आणि कूपीला एकाएकी ताप लागत नाही.

झाऱ्याचे काम खालून सोडलेल्या हवेवर सोपविले की प्रवाही थर तयार होतो. हवेचा वेग पुरेसा झाला की वाळू उकळत्या द्रवासारखी खळाळू लागते. जर्मनीतील फ्रिट्झ विंकलर यांनी १९२० च्या दशकात कोळशाचे वायूकरण करण्यासाठी ही पद्धत वापरली; औषधनिर्माणात ती पुढे आली.

अशा थरात एखादा मोठा तुकडा सोडला, तर तप्त कणांचे नवनवे पुंजके त्याला येऊन भिडतात, उष्णता देतात व निघून जातात. समान आकारमानाची वाळू हवेच्या सुमारे हजारपट उष्णता साठविते. म्हणूनच दोन सेंटिमीटरच्या तुकड्याला सेकंदाला एक मीटर वेगाची नुसती गरम हवा दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे सुमारे ३० वॅट देते, तर बारीक वाळूचा प्रवाही थर काहीशे वॅट देतो. मात्र वाळू जाडी असेल तर हा लाभ घटतो, कारण पृष्ठभागाशी प्रत्यक्ष संपर्क कमी होतो.

येथवर सर्व गोड वाटते. परंतु आपल्या फ्लुइड बेड ड्रायरमध्ये वाळू नसते. औषधी कणच थर होतात. एक मिलिमीटरचे दाणे सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर वेगाच्या हवेवर खळाळू लागतात. एक सेंटिमीटरच्या वाळत आलेल्या मुळाच्या तुकड्यांना मात्र सुमारे दीड मीटर वेग लागतो. तेवढा दाब पंख्यात नसेल, तर हवा थरातून वाटा काढून निघून जाते आणि तुकडे जागच्या जागी भाजले जातात.

आणि वेग मिळाला, तरी खरी अडचण तुकड्याच्या आत असते. वनस्पतिद्रव्यात उष्णता मध्यापर्यंत पोहोचण्याचा काळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दोन मिलिमीटर जाडीच्या दाण्यास काही सेकंद पुरतात. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यास दहा-बारा मिनिटे लागतात. पाणी बाहेर येण्याची गती तर याहून कितीतरी मंद! दाण्यातून ते मिनिटांत निघते, जाड तुकड्यातून निघण्यास दिवसही लागू शकतो. मग हवेचे तापमान वाढविण्याचा मोह होतो. त्याने बाहेरची त्वचा कडक होते आणि आतल्या ओलाव्याची वाट बंद होते.

माझ्याच निर्माणशाळेत असे घडले. शतावरीचे अंगठ्याएवढे तुकडे यंत्रात टाकले आणि नमुना म्हणून वरचा बारीक चुरा तपासला. आर्द्रता उत्तम निघाली. पुढे पावसाळ्यात डब्यांतील चूर्णाचे गोळे झाले, बुरशीचा वास आला आणि संपूर्ण घाणा फेकून द्यावा लागला. यंत्राचा दोष काहीच नव्हता.

२००० मध्ये शेड्यूल टी अधिसूचित झाल्यापासून आपण नोंदी ठेवू लागलो, परंतु नोंदीत सरासरी आर्द्रता लिहून भागत नाही. घाण्यातील सर्वांत जाड तुकडा काढून फोडावा व त्याच्या गाभ्याची आर्द्रता पाहावी. सुंठीसारख्या सुगंधी द्रव्यांत १०५ अंशांवर वजन घटवून मोजलेल्या आर्द्रतेत उडून गेलेले तेलही मिसळते, म्हणून तेथे टोल्युइनसह ऊर्ध्वपातनाची पद्धत बरी. मूळ ओलेच कापावे, चकत्या तीन-चार मिलिमीटरच्या कराव्यात, आणि त्या ट्रे-ड्रायरमध्ये अथवा सावलीत वाळवाव्यात. फ्लुइड बेड ड्रायर बांधलेल्या दाण्यांसाठी राखावा. विक्रेता पत्रकावर किलो आणि तास दाखवितो. तुकड्याची जाडी त्यास आपणच विचारावी.