पाचाचे सहा करताना

सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स अमेरिकेत आली ती २००२चं मॉडेल म्हणून. दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, २२७ हॉर्सपॉवर आणि चारही चाकांना ताकद. टर्बोचं प्रेशर वाढवलं की ही पॉवर आणखी चढते, आणि तिथेच तिचा पाच गिअरचा बॉक्स मान टाकतो. शौकिनांनी त्याला नावच पाडलं : काचेचा गिअरबॉक्स.

दोष एकट्या बॉक्सचा नाही. दोनच चाकांना ताकद असलेली गाडी जोरात सोडली तर टायर जागेवर घसरतात आणि हिसका तिथेच जिरतो. चारही टायर रस्ता धरून बसले की तोच हिसका गिअरच्या दात्यांवर येतो. तिरप्या दात्यांचे गिअर जोर पडला की एकमेकांना दूर लोटतात, केसिंग किंचित फाकतं, दाते पूर्ण बसत नाहीत. मग एक दाता तुटतो आणि त्याचा तुकडा बाकीच्यांचा घास घेतो.

उपाय घरातच आहे : सुबारूच्याच एसटीआय या जास्त ताकदीच्या इम्प्रेझाचा सहा गिअरचा बॉक्स. २००४च्या अमेरिकन एसटीआयमध्ये अडीच लिटरचं ३०० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, टॉर्क सुमारे ४०७ न्यूटन-मीटर. पहिला गिअर ३.६३६ आणि फायनल ड्राइव्ह ३.९०. गुणाकार करून बघा, चाकांपर्यंत पोचताना टॉर्क चौदापट होतो. हे रोज सोसायला बनवलेला बॉक्स जडच असणार, आणि आहेच.

खरी मजा पुढे आहे. सुबारूत पुढचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतं आणि मधलं त्याच्या शेपटात. त्यामुळे बॉक्स बदलला की पुढच्या आणि मागच्या चाकांचा हिशोबही बदलतो. २००२ ते २००५च्या अमेरिकन डब्ल्यूआरएक्सला मागे ३.५४चं डिफरन्शियल आहे. जुन्या बॉक्सच्या शेपटात १.१च्या गिअरची एक जोडी असल्यामुळे ते पुढच्या ३.९०शी जमतं. सहा गिअरच्या बॉक्समध्ये ही जोडी नाही. जुनं डिफरन्शियल तसंच ठेवलं तर पुढची चाकं एक वेग मागतात आणि मागची दुसरा. मधलं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही झिजत राहतं, आणि ते लॉक केलं तर टायर घासतात. म्हणून मागे एसटीआयचं ३.९०चं आर-१८० डिफरन्शियल बसवायचं. यातला १८० हा आकडा क्राउन गिअरच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. डब्ल्यूआरएक्सचं असतं आर-१६०.

प्रोपेलर शाफ्ट बदलतो, मागचे एक्सल बदलतात. क्लच प्लेट २३०ची २४० मिलिमीटर होते, सोबत फ्लायव्हील आलंच. रिव्हर्स टाकायला लिव्हरवरची कडी वर ओढावी लागते.

एसटीआयचं मधलं डिफरन्शियल विजेवर लॉक होतं आणि किती लॉक करायचं ते ड्रायव्हर एका छोट्या चक्रीने ठरवतो. कंट्रोलर जोडला नाही तर ते मोकळंच राहतं. एवढा खर्च करून तिथे हात आखडणं मला पटत नाही, कारण या बॉक्सचा खरा आनंद त्या चक्रीतच आहे.

जुनं डिफरन्शियल विकत घेताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. दोन्ही बाजू एकाच दिशेने बरोबर एक फेरा फिरवा आणि शाफ्टच्या तोंडाचे फेरे मोजा. चाराला जरा कमी भरले तर ३.९०, साडेतीनच्या आसपास भरले तर ३.५४. मोजून झालं की मगच पैसे द्या.