मॅडम मागच्या बाकावर

शनिवारची दुपार. पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका इमारतीत जर्मनचा बी वन वर्ग भरला आहे. बहुतेक जणी नर्सिंग झालेल्या, बीड, नांदेड, सांगलीकडच्या. सगळ्या कानात इअरफोन घालून वहीवर वाकल्या आहेत. डॉइचे वेलेच्या संथ वाचलेल्या बातम्या ऐकायच्या, मध्येच थांबवायच्या, कानावर पडलं तसं उतरवायचं. बातमीचा लेखी मजकूरही मोबाइलवर मिळतो, पण तिसऱ्यांदा ऐकल्याशिवाय तो उघडायचा नाही. मग लाल पेन घेऊन आपलं आपण तपासायचं. फळा कोरा आहे आणि मॅडम मागच्या बाकावर, माझ्या शेजारी बसल्या आहेत.

बीडची मुलगी वही घेऊन येते. रुग्णाची माहिती पुढच्या पाळीच्या नर्सला कशी द्याल, हे गेल्या आठवड्यात सगळ्यांनी लिहून दिलं होतं. मॅडमनी चुका दुरुस्त केलेल्या नाहीत. समासात नुसती अक्षरं मांडली आहेत. विभक्ती चुकली तिथे ‘वि’, क्रियापदाची जागा चुकली तिथे ‘जा’.

‘‘मॅडम, इथे काय हवं?’’

‘‘‘मिट’नंतर काय येतं?’’

‘‘डाटिव्ह.’’

‘‘मग?’’

ती वहीचं शेवटचं पान उघडते. तिथे तिनं स्वतः आखलेला, विभक्तीनुसार बदलणाऱ्या उपपदांचा तक्ता आहे. बोट एका रकान्यावर थांबतं आणि कपाळाला आठी पडते. ‘‘इथे ‘डेअर’ येतंय. पण पेशंट बाई आहे. ‘डेअर’ पुल्लिंगी ना?’’

मॅडम गप्प. उत्तर माझ्याही ओठांवर येतं. मी ते गिळते. मुलगी रकाना वरून खाली वाचते, मग आडवा वाचते. ‘‘म्हणजे डाटिव्हमध्ये स्त्रीलिंगीचंच ‘डेअर’ होतं!’’ उभ्याउभ्याच ती दुरुस्ती करते आणि तेवढ्यावर न थांबता खालच्या ओळीतली तशीच दुसरी चूक शोधून काढते. त्या दुसऱ्या चुकीपुढे मॅडमनी काहीच खूण केलेली नव्हती. इतका वेळ गप्प राहण्याचं मोल मला त्या ओळीत दिसतं.

मॅडम सगळ्याच बाबतीत गप्प राहत नाहीत. सांगलीची मुलगी ‘पाच’ला ‘फुन्फ’ म्हणते, तेव्हा त्या लगेच उठतात, ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणायला लावतात, पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात. चुकीचा उच्चार ज्याचा त्याला ऐकू येत नाही. तो दुसऱ्यानंच दाखवावा लागतो. काय सांगायचं आणि काय शोधू द्यायचं, याची ही निवड मला फार अवघड वाटते. ऑन्री ओलेक यांचं भाषाशिक्षणातल्या स्वायत्ततेवरचं पुस्तक 1981 साली आलं. ध्येय, मजकूर आणि पद्धत शिकणाऱ्यानं ठरवावी, किती जमलं तेही त्यानंच जोखावं, असं ते मांडतात. पण गाइडमधली उत्तरं पाठ करत पदवीपर्यंत आलेल्या मुलीला हे एका दिवसात कसं जमावं? त्यासाठी असा कुणी तरी जवळ बसावा लागतो.

नांदेडची एक जण धीर करून बोलते. ‘‘घरी विचारतात, एवढी फी भरली, मग मॅडम सांगत का नाहीत?’’

‘‘रात्रपाळीत आजोबा घाईघाईनं काही तरी बोलतील,’’ मॅडम म्हणतात, ‘‘तेव्हा मला फोन करशील?’’

कुणी हसत नाही. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळायला सहसा बी टू पातळी लागते, हे इथे प्रत्येकीला ठाऊक आहे. वॉर्डातली बोली पुस्तकासारखी नसते, हेही.

शेवटच्या पंधरा मिनिटांत प्रत्येक जण आपला आठवडा लिहून काढते. ‘रोज ऐकणे’ एवढं लिहिलेलं मॅडम परत करतात. ‘‘किती वेळ? आणि जमलं की नाही, कसं कळणार?’’ बीडची मुलगी खोडते, नव्यानं लिहिते: मैत्रिणीला फोनवर एका रुग्णाची माहिती जर्मनमध्ये सांगायची, ते रेकॉर्ड करायचं, दुसऱ्या दिवशी ऐकून समासात स्वतःच ‘वि’ आणि ‘जा’ लिहायचं.

‘‘पुढच्या शनिवारचा उतारा मी आणू?’’ ती विचारते. ‘‘हात धुण्याच्या नियमांचं एका जर्मन रुग्णालयाचं पत्रक सापडलंय. पण त्यातलं निम्मं मला कळत नाही.’’

‘‘तेच आण,’’ मॅडम म्हणतात. ‘‘आणि सगळ्यांना काय प्रश्न विचारायचे, तेही तूच काढ.’’