तिचा पैसा, तिची सही (भाग ६) : कागदावर नाव कोणाचे?

गेल्या दोन भागांत आपण भिशीतला पैसा आरडीकडे कसा वळवायचा आणि सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम वेगळी का ठेवायची, ते पाहिले. काटकसर आपल्या बायकांना शिकवावी लागत नाही. डाळीच्या डब्यात नोटा लपवणाऱ्या आजीपासून बचत गटाचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या ताईपर्यंत ती सगळ्यांच्या अंगात मुरलेली आहे. अडते ते पुढे. साठवलेला पैसा, घेतलेले घर, वाट्याला आलेली जमीन कागदावर कोणाच्या नावावर आहे, हे विचारले की बहुतेक घरांतली उत्तरे गुळमुळीत होतात. माझ्या मते या लेखमालेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

आधी घर पाहू. नवरा-बायको दोघे कमावते असले की जास्त कर्ज मिळावे म्हणून बँकेत दोघांचे पगार दाखवले जातात आणि बायको सह-कर्जदार होते. हप्ते थकले तर बँक दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. पण बिल्डरबरोबरच्या नोंदणीकृत करारनाम्यात तिचे नाव नसेल, तर कर्ज तिचे आणि घर दुसऱ्याचे अशी स्थिती होते. ती मालक नसेल तर गृहकर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकर सवलतही तिला मिळत नाही. म्हणून कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी करारनाम्याचा मसुदा मागून घ्या आणि खरेदीदारांच्या यादीत आपले नाव आहे का ते पाहा. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. साठ लाखांच्या घरावर हे साठ हजार रुपये होतात. नवऱ्याचे नाव सोबत असले की ही सवलत मिळत नाही.

शेतीचा प्रश्न याहून जुना आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला आणि नवऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करावा म्हणून गावोगावी आग्रह धरला. पुढे सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची सोय केली. ती सोय आजही आहे, पण वापरणारी घरे मोजकी.

माहेरच्या जमिनीबद्दल तर बोलायलाच नको, असे आपण ठरवून टाकले आहे. वडील गेल्यावर बाराव्या-तेराव्याच्या गर्दीत किंवा नंतर एखाद्या सणाला बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते आणि भाऊ दुखावू नये म्हणून त्या सही करतात. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. हक्क सोडायचा की नाही हा तुमचा निर्णय आहे. कोणी मनापासून भावासाठी सोडत असेल तर त्यात वाईट काही नाही. पण हक्कसोडपत्र एकदा नोंदवले की ते फिरवणे फार अवघड असते. त्यामुळे कागद घरी आणा, वाचा, वकिलाला दाखवा आणि चार दिवसांनी सही करा. चार दिवस थांबल्याने खरे नाते तुटत नाही.

आता नॉमिनी. याबद्दल जितका गैरसमज आहे, तितका दुसऱ्या कशाबद्दल क्वचितच असेल. 'एफडीवर नॉमिनी मीच आहे, म्हणजे पैसे माझेच,' असे आपण धरून चालतो. कायद्यात तसे नाही. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे ताब्यात घेणारी व्यक्ती. ती ते पैसे वारसांसाठी सांभाळते. समजा, एका हिंदू घरात नवऱ्याच्या नावावर बारा लाखांची एफडी आहे, नॉमिनी बायको आहे आणि मृत्युपत्र नाही. तो गेला तर बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई हे चौघे समान वारस ठरतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन-तीन लाख येतात. बँक बारा लाख बायकोच्या खात्यात भरेल, पण सासूबाईंनी तीन लाख मागितले तर ते द्यावे लागतील. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. दिराचे नाव नॉमिनी म्हणून असले तरी तुमचा वाटा बुडत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांनाही हेच लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. सोसायटीतल्या फ्लॅटचेही तसेच. नॉमिनीला सोसायटी तात्पुरते सभासद करून घेते, मालकी मात्र वारसांकडे जाते.

आयुर्विमा थोडा वेगळा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील, तर विम्याची रक्कम त्यांच्या लाभासाठीच असल्याचे कायदा मानतो. यापेक्षा भक्कम सोय १८७४ सालच्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्यात आहे. नवऱ्याने पॉलिसी घेतानाच या कायद्याखाली ती बायकोच्या आणि मुलांच्या नावे नोंदवली, तर ती रक्कम त्यांच्यासाठीचा न्यास ठरते आणि नवऱ्याच्या सावकाराला किंवा बँकेला तिला हात लावता येत नाही. धंद्यात कर्ज असलेल्या प्रत्येक घरात हे माहीत असायला हवे. एजंट आपणहून सांगत नाहीत, त्यामुळे अर्ज भरताना 'एमडब्ल्यूपी' असा शब्द उच्चारून विचारा. पॉलिसी निघाल्यानंतर ही नोंद करता येत नाही.

नॉमिनीची नावे जुनी झाली असतील तर बदलून घ्या. लग्नाआधी पीएफवर आईचे किंवा भावाचे नाव दिले असेल, तर ते नामांकन लग्नानंतर बाद ठरते. नवीन अर्ज भरावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी देता येतात आणि प्रत्येकाचा वाटा किती टक्के तेही लिहिता येते.

इथपर्यंत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या पैशाचे बोललो. तुमच्या स्वतःच्या कमाईचे काय?

हिंदू उत्तराधिकार कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख स्त्रियांनाही लागू आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता स्त्री गेली, तर तिची मालमत्ता आधी मुले आणि नवरा यांच्याकडे जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. तिचे आईवडील त्यांच्याही नंतर येतात. हे वाचताना पटत नाही, म्हणून एक खरा खटला सांगते. एका मुलीचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांत सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आईवडिलांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, आयुष्यभर कमावून तिने बँकेत पैसे आणि पीएफ साठवला. १९९६ साली ती वारली, मृत्युपत्र नव्हते. तिच्या आईने वारस म्हणून अर्ज केला आणि नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही केला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निकाल त्या भाच्यांच्या बाजूने दिला, कारण स्वकष्टार्जित मालमत्तेबद्दल कायद्याचा शब्द तसाच होता. ज्या घराने तिला हाकलले, त्याच घराण्यात तिची कमाई गेली. आईकडून किंवा वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण पगारातून साठवलेल्या पैशाला ते लागू नाही.

हा कायदा अन्यायाचा आहे, असे मला ठामपणे वाटते. तो बदलेल तेव्हा बदलेल. तोवर उपाय आपल्या हातात आहे, तो म्हणजे मृत्युपत्र. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी मैत्रिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते. गोव्यातल्या मैत्रिणींनी तिथल्या वकिलाचाच सल्ला घ्यावा.

मृत्युपत्र हा शब्द काढला की घरात कोणीतरी 'अगं, असे का बोलतेस?' म्हणते. काम मात्र सोपे आहे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर चांगलेच. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. मत बदलले तर नवे करता येते, शेवटचे तेवढे ग्राह्य धरतात. पस्तिशीतल्या नोकरदार मुलीनेही ते करावे, साठीची वाट पाहण्याचे कारण नाही. अविवाहित, विधवा, घटस्फोटित आणि मूल नसलेल्या स्त्रियांनी तर आधी करावे.

दागिन्यांबद्दल थोडक्यात. लग्नात मिळालेले स्त्रीधन तुमचेच आहे, ते सासरी ठेवले म्हणून सासरचे होत नाही. पण सिद्ध करायची वेळ आली तर पावत्या आणि फोटो लागतात. दोन्ही जपा आणि लॉकर स्वतःच्या नावाने किंवा किमान संयुक्त नावाने घ्या. संयुक्त खाते उघडताना 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' हा पर्याय निवडला आहे ना, ते पाहा. दोघांच्या सह्या लागणारे खाते एक जण गेला की अडकून पडते.

या रविवारी घरातली फाइल काढा आणि एका वहीत लिहा: खाते कोणते, नाव कोणाचे, नॉमिनी कोण. नवऱ्यालाही सोबत बसवा, कारण ही यादी त्यालाही तितकीच लागणार आहे. जिथे नॉमिनीचा रकाना रिकामा असेल, तिथला अर्ज सोमवारी बँकेतून आणा. पुढच्या आठवड्यात मुदत विम्याची रक्कम कशी ठरवायची ते पाहू. तेव्हा ही वही हाताशी ठेवा.