कबुलीतल्या पळवाटा

शिरूर व्यापाऱ्यांचं गाव. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाच्या संध्याकाळी इथले जैन व्यापारी तोंडाला मुहपत्ती बांधून स्थानकात प्रतिक्रमणाला, म्हणजे वर्षभराच्या दोषांच्या उजळणीला बसतात. पाठ अर्धमागधीतला, पण विषय अगदी पेठेतला. अचौर्य व्रताला कशानं डाग लागतो याची जी यादी आहे तिच्यात चोरीचा माल घेणं, खोटी वजनमापं वापरणं आणि भेसळ करणं ही नावानिशी येतात. हे ऐकताना गल्ल्यावर बसणाऱ्याला काय वाटत असेल? प्रतिक्रमण उरकलं की 'मिच्छामि दुक्कडं' म्हणत एकमेकांची माफी मागणं सुरू होतं. हल्ली ते बहुतेक मोबाईलवरच, एका बोटानं दोनशे जणांना. ज्याला खरोखर फसवलं तो त्या दोनशेंत असतोच असं नाही.

जैन शास्त्रकारांना पळवाट शोधणाऱ्या माणसाची ही जात चांगली ठाऊक होती. गुरूपुढे दोष सांगणं म्हणजे आलोचना, आणि स्थानांगसूत्रात या आलोचनेचेच दहा दोष मोजलेत. शिक्षा हलकी मिळावी म्हणून आधी गुरूची सेवा करून त्याला खूश करणं, लोकांनी पाहिलं तेवढंच कबूल करणं, मोठं सांगून बारीक दडवणं किंवा बारीक सांगून मोठं दडवणं, गलबला चालू असताना पुटपुटणं. शेवटचा तर झकासच: जो स्वतः तोच दोष करतो असा गुरू शोधून त्याच्यापुढे बोलणं! कबुलीची इतकी कसून झडती मला दुसरीकडे दिसली नाही.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही पाप फिटण्याच्या उपायांत आधी ते उघड सांगणं येतं, मग पश्चात्ताप. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताच्या या साऱ्या व्यवस्थेचा पट मांडला आहे. पण सक्तीचं प्रायश्चित्त किती पोकळ असू शकतं हे पुण्यानं पाहिलंय. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये ख्रिश्चनांकडे घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण झालं. पुढे टिळकांनी आणि रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. तो चहा म्हणजे पाप होतं असं प्रायश्चित्त घेणाऱ्यांतल्या किती जणांना वाटत होतं, हा खरा प्रश्न.

ख्रिस्ती कबुलीचा धागाही शिरूरपर्यंत येतो: इथं अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं होतं. त्या प्रोटेस्टंट परंपरेत कबुली थेट देवापाशी. कॅथलिकांना मात्र 1215 च्या लॅटरन परिषदेनं वर्षातून एकदा तरी पाद्र्यापुढे ती देणं बंधनकारक केलं. मधला माणूस हवा की नको, हा वाद ख्रिस्ती पंथांत अजून मिटलेला नाही.

शेजारच्या दौंड तालुक्यात हा मधला माणूस वेगळ्या वेषात भेटतो. तुकोबांची पालखी यवत, वरवंडला मुक्काम करते. वारकऱ्यानं तुळशीची माळ घातली की दारू-मटण बंद. चुकलं तर माळ उतरवायची आणि जिनं माळ घातली त्या महाराजांना सांगून पुन्हा घालून घ्यायची. वरवंडच्या मुक्कामात साठीचे एक बाबा माळ कागदाच्या पुडीत बांधून आले होते. म्हणाले, "महाराज, चूक झाली."

महाराजांनी पुडी घेतली नाही. "काय चूक?"

"पुतण्याच्या हळदीत... थोडी घेतली."

"थोडी म्हंजी?"

बाबा इकडंतिकडं बघत राहिले. शेजारी पिठल्याची पंगत बसली होती, वाढपी ओरडत होते.

"थोरल्या पोरावर हात उचलला त्या रात्री," ते म्हणाले. महाराजांनी पुडी घेतली आणि विचारलं, "पोरगं आलंय का दिंडीत?"