पडद्यावरचा फौजदार आणि कोर्टातला पुरावा

मंडळी, पडद्यावरचा फौजदार कायदा गुंडाळून ठेवतो, संशयिताला बडवतो, अन् एकामागून एक खून करणारा सापडतो. आपण टाळ्या वाजवतो. खऱ्या तपासात असे चालते का?

शेजारच्या मानवतचेच घ्या. 1972 ते 1974 या काळात तेथे बायका-मुलींचे खून पडले. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. गुप्तधनासाठी नरबळी दिले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. तपासाला मुंबईचे रमाकांत कुलकर्णी आले. 2024 साली त्यावर मालिकाही निघाली.

आता पाहा. पोलिसापुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. 1872 च्या कायद्यात तसे होते, 2023 च्या नव्या कायद्यातही आहे. आरोपीने सांगितल्यावरून हत्यार सापडले, तर तेवढाच भाग चालतो. कारण उघड आहे. मार चुकवायला निरपराधीही ‘होय, मीच’ म्हणेल. खरा खुनी मोकळा राहून पुढचा बळी घेईल. मानवतच्याच खटल्यात 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याची जोड पाहावी.

गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा: नियमाने चालणारा फौजदार पडद्यावर संथ वाटेल, पण कोर्टात टिकतो तो त्याचाच तपास.