पावसाळ्यातील गोधडी आणि क्रोशे

पाम गावात आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात भाताची लावणी उरकून पावसाची झड लागली की घरातल्या हातांना जी उसंत मिळते, ती गोधडी आणि क्रोशे या दोन कामांना सोयीची ठरते. गोधडी म्हणजे जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने, म्हणजे सुई वर-खाली नेत घातलेल्या सरळ टाक्याने, शिवलेले पांघरूण होय. त्यात जुने कापड घेण्यामागे केवळ काटकसर नसते, कारण अनेकदा धुऊन आटलेले सुती कापड आणखी फारसे आटत नाही, तर कोरे कापड पहिल्याच धुण्यात आटून सगळी गोधडी चुरगाळून टाकते. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके घालतात, आणि मग बहुधा कडेकडून मध्याकडे शिवत जातात.

क्रोशेला जागाही कमी लागते: आकड्याच्या एकाच सुईने फासातून फास ओढला की साखळी होते, आणि सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन विणलेल्या उभ्या टाक्याला खांब म्हणतात. रुखवतातले रुमाल आणि तोरणे बहुतांशी याच दोन टाक्यांवर उभी असतात. गोधडी धुवायला मात्र या दिवसांत काढणे हा शुद्ध आततायीपणा; आतले थर दमट राहून कुबट वास धरतात, तेव्हा शिवण पावसात करावी आणि धुणे दिवाळीच्या उन्हासाठी ठेवावे.